तुळईवरचे काप

कावडीच्या दांडीचा फटका सिबगातच्या तोंडावर बसला तेव्हा त्याचा उजवा पाय मशिदीच्या पायरीवर होता आणि डावा अजून बर्फात. फटका मारणारी त्याची बायको माहिरा होती. दांडी बर्चच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेली, रोज दोन भरल्या बादल्या पेलणारी. ती सिबगातनेच केली होती, आणि तिच्यात गाठ राहू नये म्हणून आधी तीन लाकडे बाद केली होती. त्याचे वरचे तीन दात गेले. दोन बर्फात पडले, एक त्याने गिळला.

"आता जा आत," माहिरा म्हणाली. "असाच जा, रक्ताच्या तोंडानं."

सिबगातने हातमोज्याने तोंड पुसले. "मी नाही गेलो तर पलीकडच्या गावचे दोघं आणतील. त्यांना मनोऱ्याचा कल ठाऊक नाही."

"दुसऱ्यानं केलं तर दुसऱ्याचं पाप. आजोबानं बांधला, नातू कापणार. हात कसे झडत नाहीत तुझे?"

"मी नाही म्हटलं तर उद्या उत्तरेला जाणाऱ्या स्लेजवर तुलाही बसवतील."

"बसेन. थंडीची मला सवय आहे. लाजेची नाही."

तिने दांडी पुन्हा उचलली. या वेळी दारावरच्या शिपायाने मागून तिचा रुमाल आणि रुमालाबरोबर वेणी धरली आणि तिला पाठीवर पाडून फरफटत बाजूला नेले. सिबगातने ते पाहिले आणि तो आत गेला. त्याच्या मागून दुहाती करवत खांद्यावर घेऊन नूरगली गेला. तो सिबगातचा शेजारी आणि सुतारकामातला वीस वर्षांचा जोडीदार. करवतीचे दुसरे टोक नेहमी त्याच्याकडे असे.

हे सोव्हिएत रशियातले, १९३०च्या फेब्रुवारीतले. शाळेच्या भिंतीवरचा पारा उणे बावीसवर होता आणि उत्तरेचा वारा सुरू झाला होता. गावात पुढे या दिवसाविषयी जे सांगितले गेले त्यात वारा नाही. वारा होता.

अक्तिरेक या तातार गावची मशीद पाइनच्या ओंडक्यांची. उत्तरेला पायऱ्या आणि बाहेरची खोली, तिला लागून दक्षिणेला नमाजाची मोठी खोली, आणि दक्षिणेच्या भिंतीतून बाहेर आलेला मक्केकडचा कोनाडा. दोन उतारांच्या छपराच्या बरोबर मधून मनोरा वर गेलेला. आमच्याकडे मनोरा मशिदीशेजारी जमिनीवर उभा करत नाहीत, तो छपरातूनच निघतो. त्यामुळे त्याचे वजन कुठेतरी घराच्या आतच पेलावे लागते. सिबगातच्या आजोबाने ते असे पेलले होते : एकाच पाइनचा एक मधला खांब, सोळा मीटरांचा, त्याचे बूड नमाजाच्या खोलीच्या छताखालून पूर्व-पश्चिम गेलेल्या दोन जाड तुळयांवर. त्या खांबाभोवती आठ बारीक खांबांचा अष्टकोनी पिंजरा, आणि छपराच्या पातळीवर पिंजऱ्याला सर्व बाजूंनी धरून ठेवणारी चौकट. वर टोपी, तिच्यावर पत्र्याची चंद्रकोर.

या चौकटीचे दक्षिणेकडचे लाकूड दबले होते. त्या बाजूचा बर्फ दिवसा उन्हाने पाझरतो, संध्याकाळी गोठतो, आणि बासष्ट हिवाळे ते पाणी एकाच लाकडात मुरत गेले होते. सहा वर्षांपूर्वी चंद्रकोरीला नवा पत्रा लावायला सिबगात वर चढला तेव्हा त्याने वरून ओळंबा सोडून पाहिला होता. मनोरा दक्षिणेला वीतभर झुकलेला होता. खालून ते दिसत नसे. त्याने मुल्लाला सांगितले, मुल्ला म्हणाला पुढच्या उन्हाळ्यात पाहू. मुल्लाला तीन आठवड्यांपूर्वी बायकापोरांसह स्लेजवर घालून उत्तरेला पाठवले होते.

जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्याचे नाव बिक्बोव्ह. हाही तातारच, पूर्वी शाळामास्तर. त्याला मनोरा नको होता आणि खाली बियाण्याचे कोठार हवे होते, दोन्ही एकाच दिवसात. सिबगातने आदल्या दिवशी त्याला सांगितले होते की वरून एकेक फळी काढत आलो तर तीन दिवस लागतील आणि कोणाला खरचटणार नाही. बिक्बोव्ह म्हणाला, "तीन दिवसांत सगळा तालुका इथं जमा होईल. खांब छपराच्या वर काप, पूर्वेकडून दोर बांध, दोन घोडे लाव. दुपारपर्यंत आडवा."

"कॉम्रेड, त्याचा कल दक्षिणेला आहे. घोडे बर्फावर सरकतील."

"मनोरा कुठं पडायचा ते मी ठरवतो. तू कुठं जायचं तेही मीच ठरवतो. घरी बायको आहे ना?"

सिबगातला शेवटचा प्रश्न पुरेसा होता.

माळ्यावर दोघे चौकटीपाशी गुडघ्यावर बसले. गोठलेले पाइन करवतीखाली काचेसारखे किरकिरते आणि भुसा पिठासारखा बारीक पडतो. सिबगातच्या तोंडातले रक्त हनुवटीवर गोठले होते.

"तुझी बायको निदान मारते तरी," नूरगली म्हणाला. "माझी नुसतीच बोलते. इतकी वर्षं मी मलाच दुर्दैवी समजत होतो."

"ओढ."

"ओढतोय. तुझा आजोबा वरून बघत असेल तर आधी तुला बघेल, मग मला. एवढाच माझा फायदा."

"बोलू नकोस. करवत वाकडी जाते."

पिंजऱ्याचे पूर्व, उत्तर आणि पश्चिम बाजूचे पाच खांब कापून झाले. दक्षिणेकडचे तीन उरले. दोर वर बांधून पूर्वेच्या झरोक्यातून बाहेर सोडला होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला खाली दोन घोडे जुंपले जात होते. सिबगातने दक्षिणेच्या झरोक्याची फळी काढली आणि खाली पाहिले.

सकाळपासून बाया मशिदीभोवती कडे करून उभ्या होत्या. चाळीसच्या वर असाव्यात. त्यांच्यातली एकही मशिदीत कधी गेलेली नव्हती. आमच्याकडे बायकांनी नमाज घरी पढायचा. मशीद त्यांनी बाहेरून पाहायची, तिची बांग ऐकायची, आणि जनाजा तिच्या दारातून निघताना दूर उभे राहायचे. न पाहिलेल्या खोलीसाठी त्या दाताळी, कावडी, चुलीचे चिमटे घेऊन आल्या होत्या. पुरुष घराघरांत बसले होते, कारण हद्दपारीची यादी पुरुषांच्या नावांची होती.

आता शिपायांनी घोडे अंगावर घालून उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजू मोकळ्या केल्या होत्या. बाया दक्षिणेला गेल्या होत्या आणि मक्केकडच्या भिंतीला पाठ लावून बर्फात बसल्या होत्या. मधोमध गैशा-अबी, म्हणजे गैशा आजी, गावातली सर्वांत म्हातारी, सुईण. तिच्या शेजारी माहिरा, उघड्या डोक्याने.

सिबगातने झरोक्यातून तोंड काढले. "तिथून उठा! तो तिकडेच पडणार आहे!"

गैशा-अबीने वर पाहिले. तिचा आवाज म्हातारा पण स्पष्ट होता. "खोटं बोलायला तरी खाली ये, सिबगात. बासष्ट वर्षं त्यानं इकडं तोंड करून बांग दिली. इकडं तो अंग टाकेल होय? या बाजूला तो पडणार नाही. हीच एक बाजू आहे जिथं तो पडणार नाही."

"अबी, मी ओळंबा लावून पाहिलाय!"

"मी तुला जन्मताना पाहिलंय. तेव्हाही तू उलटाच आलास."

बाया हसल्या. एकीने बर्फाचा गोळा फेकला, त्यात दगड होता. तो झरोक्याच्या चौकटीवर आपटला. माहिरा हसली नाही. तिने वर पाहिलेही नाही.

सिबगात खाली उतरला, बिक्बोव्हकडे गेला आणि म्हणाला की आधी बायांना हटवा, नाहीतर मी तीन खांबांना हात लावत नाही. मागितले ते त्याला लगेच मिळाले. चार शिपाई बंदुका उलट्या धरून गेले. पहिला दस्ता गैशा-अबीच्या बरगडीत बसला. सुकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज पायऱ्यांपर्यंत आला. मग सगळ्या बाया एकदम उठल्या. एका शिपायाच्या मांडीत दाताळ्याचे दोन दात आरपार गेले आणि तो दाताळ्यासकट खाली बसला. दुसऱ्याने हवेत गोळी झाडली. तिसऱ्याने हवेत झाडली नाही, पण ती कोणाला लागली नाही. ती भिंतीच्या ओंडक्यात शिरली. एका बाईचा हात कोपरापासून उलटा लोंबत होता आणि ती दुसऱ्या हाताने मारतच होती. माहिराने घोड्याच्या लगामाला लोंबकळून स्वाराला खाली खेचले, तो तिच्यावरच पडला, आणि त्याच्या कानाचा तुकडा तिच्या दातांत राहिला.

या गोंधळात कोणीतरी पूर्वेकडच्या घोड्याच्या मानेत चुलीचा चिमटा खुपसला. तो उधळला. त्याच्याबरोबर जुंपलेला दुसरा उधळला. गोठलेला दोर वर झरोक्याच्या कडेवर घासला आणि तुटला.

शिपाई मागे हटले. बाया पुन्हा भिंतीला टेकल्या. गैशा-अबीला त्यांनी मधे बसवले होते, तिला श्वास घेता येत नव्हता, आणि ती हाताने सगळ्यांना 'बसा, बसा' अशी खूण करत होती.

मनोऱ्याला आता पाच खांब नव्हते, दोर नव्हता, आणि वारा पाठीवर होता. तो कण्हत होता. लाकूड मोडण्यापूर्वी आवाज करते, आणि सिबगातने आयुष्यात जे काही ऐकून शिकले होते त्यातले बरेचसे याच आवाजाविषयी होते. तो माळ्यावर धावत गेला. कापलेल्या खांबांच्या फटी उत्तरेच्या बाजूला बोटभर उघडल्या होत्या. त्याने पाहिले, पन्नासपर्यंत मोजले, पुन्हा पाहिले. दीड बोट. तासभर, फार तर. मनोरा आता कोणी पाडायची गरज नव्हती. छपराच्या दक्षिण टोकापर्यंत आठ मीटर, मनोऱ्याची उंची छपरावर बारा. उरलेले चार मीटर आणि वरची टोपी भिंतीपलीकडे पडणार होती, म्हणजे बायांच्या डोक्यांवर.

"उतरूया," नूरगली म्हणाला. "आता तो आणि त्याचा देव."

"खाली चल. खोलीत. तुळया कापायच्या."

नूरगलीला समजायला थोडा वेळ लागला. "मधला खांब खाली सोडायचा?"

"पिंजरा चौकटीच्या आतून आहे. खांब खाली गेला की पिंजरा त्याच्याबरोबर चौकटीतून खाली सरकेल. उरलेले तीन खांब खाचेतून निसटतील. चौकट त्याला आडवं होऊ देणार नाही."

"आणि खाली कोण असेल?"

"आपण."

"बिक्बोव्हला ही खोली हवी आहे. तिची वाट लावली म्हणून दहा वर्षं देतील."

"कुजल्या होत्या म्हणू."

ते खाली आले. नमाजाच्या खोलीतले गालिचे आधीच गेले होते. तुळया डोक्यावर हातभर उंचीवर होत्या, खालच्या बाजूने हिरव्या रंगवलेल्या, एकमेकींपासून दोन वीत अंतरावर. सिबगातने मुल्लाचा तीन पायऱ्यांचा लाकडी चौथरा ओढून त्यांच्याखाली आणला.

तुळईवर मधोमध भार असला की तिचे वरचे तंतू दाबले जातात आणि खालचे ताणले जातात. वरून करवत घातली तर फट मिटत जाते आणि पाते अडकते. खालून घातली तर फट उघडत जाते, करवत लोण्यातून गेल्यासारखी चालते. मात्र तुळई केव्हा तुटेल याची सूचना फार थोडी मिळते. वरून कापणारा सुरक्षित राहतो आणि काम होत नाही. शिवाय दोन्ही तुळया जवळजवळ एकाच क्षणी जायला हव्या होत्या. एक आधी गेली तर खांब कलणार, आणि मग तो कुठे जाईल ते सांगता येत नव्हते.

त्यांनी दुहाती करवत उलटी धरली, दात वर करून. भुसा डोळ्यांत पडत होता. पहिली तुळई निम्म्यापर्यंत, मग दुसरी निम्म्यापर्यंत, मग पुन्हा पहिली. तिच्यातून बंदुकीच्या गोळीसारखा एक आवाज आला आणि फट नखभर उघडली. नूरगलीने करवतीची मूठ सोडली.

"मला पाच पोरं आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे. जा."

"सिबगात..."

"दार उघडं ठेव. मला यायचंय."

नूरगली गेला. दार त्याने उघडे ठेवले. दुहाती करवत एकट्याला वर धरून चालवता येत नाही, पाते लवते. सिबगातने पिशवीतली हातकरवत काढली आणि दुसरी तुळई दोन-तृतीयांश केली. मग पहिली तितकीच. हे तो मापाने करत होता, अंगठ्याने फट चाचपून, कारण उजेड कमी होता. बाहेरून बायांचा आवाज येत होता. त्या आता प्रार्थना म्हणत होत्या, सगळ्या एका लयीत, मधे गैशा-अबीचा आवाज नव्हता. भिंतीच्या त्या बाजूला, त्याच्यापासून सात-आठ मीटरवर, माहिराची पाठ होती.

शेवटचे काम कुऱ्हाडीचे होते. दोन तुळयांच्या मधे उभे राहून त्याने एक घाव डावीकडे घातला आणि एक उजवीकडे. उजवीकडचा घाव बसायच्या आधीच डावीकडची गेली. तो चौथऱ्यावरून दाराच्या दिशेने उडी मारत होता. सोळा मीटर पाइन, पिंजरा, फळ्या आणि पत्रा, सगळे मिळून सुमारे सहा टन, खाली आले, जमिनीच्या फळ्या फोडून मातीत गेले, वरचा खांब मोडत मोडत आत बसत गेला, आणि वाटेत त्यांनी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली घेतला.

बाहेरून जे दिसले ते वेगळे होते. मनोरा दक्षिणेला पडला नाही, कुठेच पडला नाही. तो सरळ उभ्या उभ्या खाली गेला, माणूस नमाजात गुडघ्यांवर बसावा तसा. टोपी आढ्यापर्यंत आली, तिथे अडकली आणि उत्तरेला मोडून पायऱ्यांवर कोसळली. भिंतीपाशी बसलेल्या एकाही बाईच्या अंगावर ढलपी पडली नाही. धुळीचा आणि बर्फाचा लोट खाली बसला. मग गैशा-अबी, जिच्या तुटलेल्या बरगड्या फुप्फुसात गेल्या होत्या आणि जी तिसऱ्या दिवशी त्यानेच गेली, म्हणाली, "सांगितलं होतं ना."

सिबगातचा पाय कंपाउंडरने शाळेच्या टेबलावर कापला. गुंगीचे औषध नव्हते. दोन शिपायांनी खांदे धरले. बिक्बोव्हने ढिगारा पाहिला, तुळयांची तोंडेही पाहिली असावीत, पण मनोरा बायांवर पडला असता तर अहवाल कसा लिहावा लागला असता हे त्यालाही कळत होते. त्याने 'कुजलेल्या तुळया' असे लिहिले. तुळया कुजलेल्या नव्हत्या.

नूरगलीने गावाला सांगितले की करवत त्यांनी खाली लावलीच नाही. ते आत गेले तेवढ्यात वरून हाक आल्यासारखा आवाज झाला, आणि मनोरा आपणहून उतरला. तो पळाला होता, ते त्याला सांगायचे नव्हते. आणि खरे सांगितले असते तर सिबगातची रवानगी झाली असती, हेही खरे. सिबगात काही बोलला नाही. त्याच्या तोंडून ते बाहेर पडते तर माहिराला कळते, माहिरा गप्प राहणारी नव्हती, आणि बिक्बोव्हच्या कानावर गेल्यावर 'कुजलेल्या' या शब्दाचा काही उपयोग राहिला नसता.

त्यामुळे गावात जे उरले ते असे : मनोऱ्याने बायांना वाचवले आणि ज्याने त्याला कापले त्याचा पाय घेतला. दोन्ही गोष्टी एकमेकींना पुरावा होत्या.

पुढे पाच वर्षे सिबगातने घरात बसून चमचे, दाताळ्यांचे दांडे आणि पाळणे केले. पाळणे कोणी घेत नसे. रस्त्यात म्हाताऱ्या त्याला पाहून थांबत, तो पुढे जाईपर्यंत ओठांत पुटपुटत, मग चालू लागत. नदीकाठचे वाफेचे न्हाणीघर चार घरांचे सामाईक होते; गुरुवारी सगळे न्हाऊन गेले, दगड थंड झाले, की तो परसांच्या मागच्या वाटेने कुबडीवर जाई. माहिरा त्याला वाढत होती, त्याचे कपडे धूत होती, जखम चिघळली तेव्हा तिने दोन महिने पाला बांधला. बोलत मात्र नव्हती. लागेल तेवढे भिंतीला उद्देशून बोले. त्या दिवशी भिंतीशी मोडलेले तिचे बोट वाकडेच जुळले होते.

१९३५च्या ऑक्टोबरात सामुदायिक शेतीने तिला कोठार झाडायच्या कामावर नेमले.

पायऱ्या चढताना ती थांबली. मग झाडू घेऊन आत गेली. नमाजाच्या खोलीचे कोठार झाले होते. छत नवे, बुटके, आणि धान्याचे कप्पे पाडायला मधे फळ्यांच्या भिंती. त्या फळ्या चार जाड खांबांना ठोकलेल्या होत्या. दुरुस्ती करणारे सुतार परगावचे होते, लाकडाची टंचाई होती, त्यांनी हाताला लागले ते वापरले होते. खांबांची टोके तिच्या छातीच्या उंचीवर होती आणि त्यांवर गव्हाच्या धुळीचा थर होता. तिने तो हाताने पुसला.

खांबाची एक बाजू हिरवी होती. तिच्या घरात छताला आडवी तुळई होती, तिचीही खालची बाजूच सिबगातने रंगवली होती. वरची बाजू कोण रंगवणार, ती दिसत नाही. म्हणजे या तुळया होत्या, आणि हिरवी बाजू खालची. टोकाचा दोन-तृतीयांश भाग करवतीने गुळगुळीत कापलेला होता. काप हिरव्या बाजूने सुरू झाला होता. उरलेल्या भागात लांब लांब ढलप्या फाटून निघाल्या होत्या. तिने चारही टोके पाहिली. चारही तशीच. गुळगुळीत भागाच्या आतल्या पट्ट्यावर दर बोटभर अंतराने एक तिरकी रेघ होती. सिबगात आपल्या हातकरवतीच्या दर पाचव्या दाताला थोडा जास्त बाक देई, आणि अशी रेघ तिने वीस वर्षे सरपणाच्या प्रत्येक ओंडक्यावर पाहिली होती.

ती धान्याच्या कप्प्याच्या कडेवर बसली. मक्केकडचा कोनाडा फळ्यांनी बुजवला होता, पण त्याची जागा दिसत होती. तिने तिथून खांबांपर्यंतचे अंतर नजरेने मोजले. मग उठून राहिलेली खोली झाडली, कारण दुपारी गाड्या येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर तिने चार जणींना सांगितले. "तुळया कापल्यात. खालून. त्याच्या करवतीनं. तो खाली उभा होता."

"माहिरा आपा, मनोरा आपणहून बसला. आम्ही डोळ्यांनी पाहिलं, तूही होतीस."

"आपण बाहेरून पाहिलं. आत आपल्यातली कोण होती?"

"आणि कापल्या असतील तर? म्हणजे खोलीही त्यानंच फोडली. मनोरा तर मनोरा, घरही."

"तो दक्षिणेला पडला असता. आपल्यावर."

"त्या बाजूला तो पडलाच नसता," ती बाई म्हणाली, समजुतीच्या सुरात. "नवरा आहे तुझा, तू बोलणारच. आमचं काही म्हणणं नाही." तिने बादल्या उचलल्या. दुसरी, जिचा कोपर त्या दिवसापासून वाकत नव्हता, जाता जाता म्हणाली, "गैशा-अबी खोटं बोलली का मग?"

माहिराने आपल्या बादल्या कावडीला लावल्या. गैशा-अबी खोटे बोलली नव्हती.

तो गुरुवार होता. ती घरी आली तेव्हा सिबगात खिडकीपाशी चमचा कोरत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहून तिने विचारले, "खालून का कापल्यास?"

त्याने सुरी थांबवली. कोणती गोष्ट, हे त्याने विचारले नाही.

"वरून कापली तर करवत अडकते." पुढचे दात नसल्याने त्याच्या बोलण्यात शीळ येई.

"ते मला माहीत आहे."

"मग काय विचारतेस."

त्याच्या ओठाच्या आतल्या खड्ड्याकडे ती पाहत होती. मग तिने कोनाड्यातून त्याचा धुतलेला सदरा आणि न्हाताना अंगावर मारायची बर्चच्या पानांची जुडी काढली.

"चल. न्हाणीघर तापलंय."

"अजून नूरगलीचं घर न्हायचंय."

"तो थांबेल."

दाराबाहेर आल्यावर तो सवयीने परसाकडे वळला. चार वाजले होते, चांगला उजेड होता, गिरणीवरून माणसे परतत होती, आणि मधल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या. माहिराने त्याच्या हातातली कुबडी काढून भिंतीला टेकवली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"मागनं जाऊ," तो म्हणाला.

"मागं चिखल आहे."

मागच्या वाटेवर चिखल नव्हता. जमीन आठवडाभर गोठलेली होती.